ओट्यापलीकडचा माणूस



स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडायचा म्हटला की साहित्य, शेती, सहकार, शिक्षण असे भारदस्त विषय आपल्याकडे रांगेत उभे असतात. बीड जिल्ह्यात तर दुष्काळ आणि ऊसतोड हे दोनच विषय वर्षानुवर्षे व्यासपीठाला पुरून उरतील. अशा ठिकाणी दूरचित्रवाणीवरच्या पाककार्यक्रमाचा सूत्रसंचालक हा विषय घेतला तर काहींना तो हलका वाटेल. तो हलका नाही, हे दाखवणे हे माझे पहिले काम. मुख्य काम एक विधान पटवून देण्याचे आहे. पाककार्यक्रमाच्या सूत्रसंचालकाची योग्यता त्याला स्वतःला किती रांधता येते यावरून ठरवू नये. ज्यांना रांधता येते त्यांच्याकडून त्याने किती जाणून घेतले आणि ते कुणाच्या नावावर जमा केले, यावरून ती ठरवावी. या मापाने पाहिले तर मराठीतला सर्वांत मोलाचा पाककार्यक्रम ज्याच्या नावाशी जोडला गेला तो आचारी नव्हता, नट होता. प्रशांत दामले हे त्याचे नाव आणि ‘आम्ही सारे खवय्ये’ हे त्या कार्यक्रमाचे. याच मापाने त्या कार्यक्रमाची उणीवही दिसते, आणि ती मुंबई-पुण्यापेक्षा बीडमधून अधिक स्पष्ट दिसते.

स्वयंपाकाचे ज्ञान आपल्याकडे शतकानुशतके घराच्या आत राहिले. सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे ते हातोहात गेले. त्याला लेखी रूप देण्याचा मराठीतला एक जुना आणि मोठा प्रयत्न म्हणजे लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 1910 चे ‘गृहिणीमित्र’. पुढे 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली. ती लाखाच्या घरात खपली आणि कमलाबाईंना लाख सुनांची सासू म्हटले जाऊ लागले. या यशाचे कारण पाककृतींच्या संख्येपेक्षा त्यांच्या मापांत आहे. तराजू आणि ग्रॅम बाजूला ठेवून वाटी आणि चमचा हे माप त्यांनी धरले. घराघरांतला अंदाज जो आकडा सोसू शकतो तेवढाच आकडा त्यांनी दिला. नोकरीनिमित्त शहरात वेगळा संसार थाटलेल्या आणि शेजारी सासू नसलेल्या मुलीला हे पुस्तक आधार झाले. पण छापील शब्दाला एक मर्यादा असते. ‘खमंग भाजावे’ असे पुस्तक लिहू शकते. खमंग म्हणजे नेमका कोणता रंग ते दाखवू शकत नाही. ‘सैलसर भिजवावे’ यातला सैलपणा कागदावर उतरत नाही. ही उणीव दूरचित्रवाणी भरून काढू शकत होती, आणि तिने ती काही अंशी भरून काढलीही.

या माध्यमातला सुरुवातीचा सूत्रसंचालक शिक्षक होता. ब्रिटनमध्ये युद्धानंतरचे शिधावाटप चालू असताना, 1946 मध्ये, फिलिप हार्बेन बीबीसीच्या कॅमेऱ्यासमोर स्वयंपाक शिकवू लागले. अमेरिकेत ज्यूलिया चाइल्ड यांचा ‘द फ्रेंच शेफ’ 1963 मध्ये बॉस्टनच्या केंद्रावरून सुरू झाला. आपल्याकडे झी टीव्ही 1992 मध्ये आला आणि पाठोपाठ 1993 मध्ये ‘खाना खजाना’. मुंबईच्या मोठ्या हॉटेलातले शेफ संजीव कपूर त्यातून घरोघरी पोहोचले. 2011 मध्ये त्यांनी खाद्यपदार्थांना वाहिलेली स्वतंत्र वाहिनी काढली आणि 2017 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठीत हे शिक्षकाचे काम नागपूरच्या विष्णू मनोहर यांनी ई टीव्ही मराठीवरच्या ‘मेजवानी’तून केले. 2017 च्या एप्रिलमध्ये नागपुरात सलग 52 तासांहून अधिक काळ स्वयंपाक करून त्यांनी विक्रम नोंदवला. या सगळ्यांचे एक ऋण मान्य केले पाहिजे. मिशा असलेला माणूस कढईसमोर अभिमानाने उभा राहू शकतो, रांधणे हे बुद्धीचे काम आहे आणि त्यावर एखाद्याची कारकीर्द उभी राहू शकते, हे या मंडळींनी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पटवून दिले. त्याआधी स्वयंपाकावर पोट भरणाऱ्या माणसाला आपल्याकडे आचारी म्हणत, आणि त्या शब्दामागे फारसा मान नसे.

पण शिक्षक-सूत्रसंचालकाच्या पद्धतीत श्रेयाची वाट एकाच माणसापाशी येऊन थांबते. चाइल्ड यांचेच उदाहरण घ्या. 1961 चे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक तिघींनी मिळून लिहिले होते. सिमोन बेक आणि लुइझेत बर्थोल या दोन फ्रेंच स्त्रिया त्यांच्या सहलेखिका होत्या. जगाला नाव मात्र पडद्यावर दिसलेल्या एकीचेच लक्षात राहिले, आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केले आहे तेही तिचेच स्वयंपाकघर. यात चाइल्ड यांचा दोष नाही. पडद्याचा स्वभावच असा आहे की जो बोलतो त्याचे ज्ञान मानले जाते. त्याने ते कुणाकडून घेतले, त्या माणसाने ते किती पिढ्या सांभाळले, हे अर्ध्या तासात सांगायला सवड नसते. पाककृती मग शेफच्या नावावर चढते आणि ती जिच्या चुलीवर घडली ती बाई निनावी राहते.

‘आम्ही सारे खवय्ये’ 2007 मध्ये झी मराठीवर आला आणि त्याने ही मांडणी उलटी केली. ओट्याशी उभ्या राहणाऱ्या स्त्रिया महाराष्ट्राच्या निरनिराळ्या गावांतून आलेल्या गृहिणी होत्या. ओट्याच्या अलीकडे, म्हणजे प्रेक्षकाच्या बाजूला, सूत्रसंचालक उभा असे. तो विचारी, थट्टा करी आणि शेवटी चाखून पाही. हा सूत्रसंचालक कुठून आला होता हे लक्षात घेतले पाहिजे. दामले यांनी बेस्टमधली नोकरी करता करता रंगभूमी धरली. ‘टुरटुर’, ‘मोरूची मावशी’, ‘गेला माधव कुणीकडे’, ‘एका लग्नाची गोष्ट’ अशी नाटके करत 2022 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात त्यांनी 12,500 वा प्रयोग केला. इतके प्रयोग म्हणजे समोरच्या माणसाचा श्वास ओळखण्याची तितकीच तालीम. विनोदी नटाला दोन गोष्टी येतात: समोरच्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबणे, आणि त्याचे अडखळणे हसून सावरणे. कॅमेरा प्रथमच पाहणाऱ्या बाईसमोर नेमकी हीच दोन कौशल्ये लागतात. जाणकार शेफ तिच्या शेजारी उभा राहिला असता तर ती बिचकली असती, चुकू नये म्हणून पुस्तकातली पाककृती बोलली असती. खाण्याची आवड असलेल्या आणि रांधण्यातले फारसे कळत नाही असे दाखवणाऱ्या माणसासमोर ती आपल्या घरचे बोलली.

माझ्या युक्तिवादाचा कणा इथे आहे. स्वयंपाकातले खरे ज्ञान साहित्य आणि कृती यांच्या यादीत मावत नाही, आणि जिला ते येते तिलाही ते आपल्याला येते हे ठाऊक नसते. विचारल्यावाचून ते बाहेर येत नाही. ज्वारीच्या भाकरीची परीक्षा करू. साहित्य: पीठ आणि पाणी. कृती: मळावे, थापावे, भाजावे. एवढ्यावर भाकरी येणार असती तर शहरातल्या घरांतून ती इतक्या झपाट्याने गेली नसती. गव्हात चिकटपणा देणारे जे प्रथिन असते ते ज्वारीत नाही. म्हणून पाणी गरम घ्यावे लागते, म्हणजे पिठातल्या पिष्टाचा खळ होऊन ते एकमेकांना धरते. दळण जुने झाले की तोच गोळा कडेने चिरतो. परातीत तळहाताच्या टाचेने रगडले नाही तर थापताना भाकरी फाटते. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, आणि ते पाणी सुकण्याच्या बेताला उलटायची. आधी उलटली तर चिकटते, उशीर झाला तर तडे जातात. मग आरावर लावली की पापुद्रा सुटतो. ही प्रत्येक गोष्ट एका प्रश्नाचे उत्तर आहे: पाणी गरम का, पीठ कधीचे, हात असा का, आत्ताच का उलटली. प्रश्न विचारणारा नसेल तर बाई एवढेच म्हणेल, ‘त्यात काय, भाकरी तर आहे.’ सूत्रसंचालकाचे काम या ‘त्यात काय’च्या पलीकडे नेण्याचे आहे, आणि त्यासाठी सांगणाऱ्यापेक्षा विचारणारा बरा.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे उदात्तीकरण आहे. कार्यक्रम करमणुकीचा, वेळ दुपारच्या विसाव्याची, मध्येमध्ये तेल-मसाल्याच्या जाहिराती आणि प्रत्येक पदार्थाला वाहवा. यात ज्ञानाची देवघेव कुठली? आक्षेपात तथ्य आहे. शेवटचा घास तोंडात जाताच स्तुती ठरलेली असेल तर चव ओळखण्याचे शिक्षण होत नाही. तिखट कमी पडले, डाळ कच्ची राहिली, हे कुणी बोलत नाही. पण करमणूक आणि ज्ञान यांचे वैर आपल्या परंपरेने कधी मानले नाही. कीर्तनकार विनोद करतो म्हणून त्याच्या निरूपणाचे मोल कमी होत नाही. शिवाय या कार्यक्रमाची मुख्य देणगी परीक्षणाची नव्हतीच, नोंदीची होती. अमुक गावच्या अमुक बाईंनी आज हा पदार्थ केला, ही साधी घोषणा ही त्या बाईच्या कौशल्याची बहुधा पहिली सार्वजनिक नोंद असे. ज्या कामाची जनगणनेच्या तक्त्यात गणना होत नाही, ज्याला वेतन नाही, त्या कामाला नाव-गावासह जाहीर श्रेय मिळणे ही करमणुकीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. रांधते ती बाई, खातो तो पुरुष, आणि त्याच्या शाबासकीकडे तिचे डोळे. हे तर घरातलेच चित्र, त्याला दिवे लावून दाखवले एवढेच. हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. एखाद्या कामाचा गौरव करणे आणि त्या कामाला एखाद्याला जखडून ठेवणे यांतले अंतर थोडे असते, आणि अन्नपूर्णा म्हणून हात जोडून बाईला ओट्याशीच ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तरी दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. एक, घरात जेवणाऱ्याने प्रश्न विचारलेला नसतो. इथे विचारला गेला. आयते जेवणारा आणि कुतूहलाने विचारणारा हे एकाच पंगतीतले दोन वेगळे पुरुष आहेत. दोन, हा साचा पुढे थोडा मोडलाही. आपल्या शेजारच्या परभणीच्या संकर्षण कऱ्हाडे यांनी याच कार्यक्रमाच्या ‘जोडीचा मामला’ या पर्वाचे सूत्रसंचालन केले आणि जोड्या ओट्याशी आल्या. पुढे त्यांच्याच सूत्रसंचालनातल्या ‘किचन कल्लाकार’मध्ये स्वयंपाकाची सवय नसलेले कलावंत फजित होताना दिसले, आणि परीक्षा घेणारे महाराज म्हणून दामले बसले. थट्टेत का होईना, रांधता न येणे ही हसण्याजोगी उणीव आहे आणि ती पुरुषालाही लागू आहे, हे त्यातून मान्य झाले. हे पुरेसे नाही. पण दिशा चुकीची नव्हती.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. अंबाजोगाईजवळ पिंपळा धायगुडा येथे दूरदर्शनचा उंच मनोरा आहे. मुंबईत तयार झालेले चित्र अशा मनोऱ्यांनी बालाघाटाच्या डोंगररांगांतल्या गावांवर पोहोचवले. पण प्रक्षेपणाचा मनोरा फक्त देतो, घेत नाही. पाककार्यक्रमांनीही मराठवाड्याच्या बाबतीत बहुतांशी हेच केले. पनीरच्या भाज्या, पास्ता, अंड्याविना केक हे बीडच्या घरांत शिकले गेले. बीडच्या घरांतले मात्र त्या मानाने फार थोडे बाहेर गेले. याचे कारण द्वेष किंवा दुर्लक्ष एवढेच नाही, कार्यक्रमाच्या रचनेतही आहे. अर्ध्या तासात होणारा, गॅसच्या शेगडीवर जमणारा, बाजारातून आणलेल्या आणि शक्यतो प्रायोजकाच्या वस्तूंनी सजणारा पदार्थ पडद्याला हवा असतो. मराठवाड्याच्या स्वयंपाकाचे मोठेपण नेमके याच्या उलट आहे. ते टिकवण्यात आहे. येसर घ्या: धान्ये आणि डाळी भाजून, मसाला घालून दळलेले पीठ डब्यात असले की घरात भाजी नसताना आमटी होते आणि पाहुणे वाढले तरी ती पुरते. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून, वाळवून ठेवला की उन्हाळ्यात भाजी मिळते. सांडगे, कुरडया, शेंगदाण्याची चटणी, काळे तिखट, प्रवासाला चार दिवस टिकणारे धपाटे. मुरमुरे भिजवून, डाळव्याचे कूट लावून केलेला सुशीला चूल पेटल्यापासून काही मिनिटांत ताटलीत येतो. पाऊस न येण्याची शक्यता गृहीत धरून रचलेला हा स्वयंपाक आहे. तो शिकवायचा तर त्यामागचा हंगाम, साठवण आणि टंचाई सांगावी लागते, आणि तेवढी सवड पडद्याला नसते.

त्याहून पलीकडचे एक स्वयंपाकघर तर कोणत्याच वाहिनीच्या नकाशावर आले नाही. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, पहाटेच्या अंधारात तीन दगडांची चूल पेटते, दिवसभराच्या भाकरी थापून होतात, आणि मग तीच बाई ऊस तोडायला, मोळ्या बांधायला, गाडी भरायला जाते. सरपण ओले, पाणी दुरून आणलेले, पीठ बाजरी-ज्वारीचे, जोडीला ठेचा किंवा कोरडे बेसन. कमीत कमी भांड्यांत, कमीत कमी वेळात, कष्टाच्या शरीराला पुरेल असे अन्न तयार करणे ही पाककलेची कठीण परीक्षा आहे. पन्नास तास सलग रांधण्याचा विक्रम मोजला गेला, ते योग्यच झाले. पण रोज पहाटे रांधून दिवसभर कोयता चालवणाऱ्या बाईच्या कौशल्याला अजून मोजमाप मिळालेले नाही.

इथे एक आक्षेप आपल्यातूनच येईल, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. गरिबीचा स्वयंपाक कौतुकाने पडद्यावर मांडणे म्हणजे गरिबीला शोभिवंत करणे नव्हे काय? कोपीतली भाकरी शहरी प्रेक्षकाला ‘अस्सल’ म्हणून विकली तर त्या बाईच्या हाती काय आले? संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचे वर्ष जाहीर केले तेव्हा याची झलक दिसली. ज्वारी-बाजरी एकाएकी प्रतिष्ठेची झाली, तिची बिस्किटे, डोसे, केक निघाले. भाकरी थापणारे हात मात्र त्या उत्सवात फारसे दिसले नाहीत. म्हणून मी जे मागतो ते कौतुक नव्हे, नोंद आहे. कौतुकाला कारणे लागत नाहीत, नोंदीला लागतात. ओल्या सरपणावर चूल कशी पेटवतात हे विचारणाऱ्याला पुढचा प्रश्न टाळता येत नाही की सरपण ओले का, आणि तिथे गॅस का नाही. नीट विचारलेला स्वयंपाकाचा प्रश्न मजुरी, पाणी आणि आरोग्य यांच्यापर्यंत पोहोचतोच. गरिबी शोभिवंत होते ती अर्धवट विचारण्याने.

शेवटचा आक्षेप काळाचा. आता दूरचित्रवाणी कोण पाहतो? शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सुमन धामणे ‘आपली आजी’ म्हणून मोबाइलवरून लाखो लोकांपर्यंत पोहोचल्या. जाणणारी बाई थेट बोलू लागली, मध्यस्थ गेला. मग सूत्रसंचालकाची चर्चा कशाला? ही घडामोड स्वागतार्ह आहे, आणि श्रेयाचा प्रश्न तिने बराचसा सोडवला आहे. पण मध्यस्थाबरोबर प्रश्नही गेला. एकटी बाई कॅमेऱ्याकडे पाहून सांगते तेव्हा तिला जे सहज वाटते ते ती गाळते, आणि शिकणाऱ्याला नेमके तेच हवे असते. शिवाय स्वतःचा व्हिडिओ काढायला फोन, सवड आणि थोडा निर्भयपणा लागतो. फडावरच्या बाईकडे यांतली सवड तर नक्कीच नसते. तिच्यापाशी कुणीतरी जावे लागेल. जाणारा नट असो, पत्रकार असो की महाविद्यालयातली विद्यार्थिनी, त्याला दामले यांच्या पद्धतीचा धडा घ्यावा लागेल: स्वतःचे ज्ञान मिरवू नये, समोरच्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे, थट्टेने भीती घालवावी आणि नाव-गाव स्पष्ट उच्चारावे.

बालाघाटच्या डोंगरातल्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. झाडाच्या फळाची अशी नोंद होऊ शकते, तर माणसाच्या हातांच्या कौशल्याची का होऊ नये? त्यासाठी मुंबईच्या वाहिनीची वाट पाहण्याचे कारण नाही. या जिल्ह्यात महाविद्यालये आहेत, मराठी, समाजशास्त्र आणि गृहविज्ञान शिकणारी मुले-मुली आहेत, प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे. या संस्थांच्या चालकांना माझी विनंती आहे की येत्या हंगामात विद्यार्थ्यांना आपापल्या गावच्या स्वयंपाकाची नोंद करायला लावावी: पदार्थ, हंगाम, सरपण, साठवण, कारणे. प्रत्येक नोंदीखाली सांगणारीच्या संमतीने तिचे नाव आणि गाव लिहावे, आणि जमा झालेले सगळे जिल्ह्याच्या ग्रंथालयात कुणालाही पाहता येईल असे ठेवावे. ओट्याच्या अलीकडे उभे राहून विचारण्याचे काम एका नटाने बरीच वर्षे चांगले केले. ते पुढे नेण्याची जबाबदारी आता आपली आहे, आणि तिची सुरुवात आपल्या घरी आज रात्री जेवायला बसताना एक नीट प्रश्न विचारून करता येईल.